माडखार ग्रामीण असल्याचा दाखला

माडखारमध्ये मला स्वतःचं नाव नाही. तिथे मी ‘डाक्टरीणबायचे मिस्टर’ आहे. आईवडिलांनी माझं नाव धर्मराज ठेवलं होतं, पण त्याचा उपयोग फक्त बँकेत आणि रेशनकार्डावर झाला, आणि पुढे एकदा हॉस्पिटलात झाला तो नसता झाला तर बरं होतं.

कर्नाळ्याच्या पुढे गोवा हायवे सोडून आत वळलं की डोंगराच्या पोटात माडखार लागतं. तिथे आमच्या हिचा, म्हणजे डॉ. अरुंधतीचा दवाखाना आहे. आम्ही राहतो खांदा कॉलनीत. रंगाच्या कंपनीच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी तिला रोज गाडीने सोडायला जाऊ लागलो, आणि दोनदा जाण्यायेण्यात पेट्रोल जातं म्हणून दिवसभर तिथेच बसू लागलो. दवाखान्यात बसलेल्या निरोगी माणसाइतकं निरुपयोगी जगात काही नसेल. मी पेशंटांच्या चपला ओळीत लावत असे आणि जुन्या मासिकांतली शब्दकोडी सोडवत असे. तीही आधीच्या कोणी तरी चुकीची सोडवून ठेवलेली असत.

अशात एके दिवशी सोनाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. सोनाबाई दवाखान्याच्या मागच्याच घरात राहतात. अरुंधतीने त्यांचा ईसीजी काढला, पण कागदावरच्या रेघा तिला नेमक्या कळेनात. तो वाशीच्या हार्टच्या डॉक्टरांना पाठवायचा होता. आता डोंगराआड असल्यामुळे माडखारला मोबाईलची रेंज अशी नाही. ती मारुतीच्या देवळाच्या पारावर येते, तीही हात उंच करून उभं राहिलं तर. त्यामुळे दवाखान्यातली नर्स किशोरी ईसीजीचा फोटो घेऊन पारावर धावली. फोटो गेला. वाशीहून उत्तर आलं, तेही दोन तुकड्यांत. पहिला तुकडा होता, ‘घाबरण्यासारखं’. तो वाचून किशोरी धावत सुटली. वाटेत भेटेल त्याला सांगत ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिच्या मागे अर्धं गाव होतं, आणि सोनाबाईंच्या सुनेने गळा काढला होता. ‘काही नाही’ हा दुसरा तुकडा परत पारावर जाऊन आणावा लागला. सोनाबाईंना गॅस झाला होता.

मला हा प्रसंग विनोदी वाटला. परतताना गाडीत मी तो रंगवून सांगू लागलो, तर अरुंधती खिडकीबाहेर बघत होती.

“आज गॅस होता,” ती म्हणाली. “उद्या नसला तर?”

मी म्हणालो, मी बघतो. नवरे हे वाक्य अनेक प्रसंगी बोलतात आणि सहसा त्याचं पुढे काही होत नाही.

पण खालच्या मजल्यावरच्या हितेशभाईंनी ते होऊ दिलं. हितेशभाईंना जगातल्या सर्व योजना माहीत असतात. त्यांनी स्वतः कधी कुठल्या योजनेचा फायदा घेतलेला नाही, कारण इतरांना सांगण्यातच त्यांचा दिवस जातो. त्यांनी सांगितलं, की खेड्यातल्या दवाखान्यांना सवलतीत ब्रॉडबँड द्यायची सरकारी योजना आहे, घरबसल्या अर्ज होतो, पाच मिनिटांचं काम. आयुष्यात मला ज्या ज्या गोष्टींनी छळलं, त्या सगळ्या कुणी ना कुणी मला पाच मिनिटांचं काम म्हणून दिल्या होत्या.

अर्ज खरंच लवकर भरला. शेवटी पिनकोड टाकला, चक्र फिरलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आपला विभाग शहरी असल्याने आपण या योजनेस पात्र नाही. अभिनंदन.’

यातलं ‘अभिनंदन’ मला लागलं. मी दुसऱ्या दिवशी योजनेच्या ऑफिसात गेलो. तिथे रंजिता मॅडम म्हणून एक अधिकारी होत्या. खरं तर मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण बाई इतक्या सज्जन निघाल्या की माझी तयारी वाया गेली. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पनवेलचा पिनकोड टाकला की संगणक शहरच धरतो, त्यात त्याचा दोष नाही. गाव ग्रामीण असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला आणा, मग मी स्वतः येऊन पाहणी करते.

ग्रामसेवकाने डोकं खाजवलं. त्याच्याकडे माणूस राहत असल्याचा दाखला होता, माणूस जिवंत असल्याचा दाखला होता, पण गाव हे गाव असल्याचा नमुना नव्हता. तो म्हणाला, काशीरामशेठना विचारा.

काशीराम घरत हे माडखारचे माजी सरपंच, आणि आजीही तेच, कारण निवडून कोणीही आलं तरी विचारायचं त्यांनाच. त्यांची काही जमीन चांगल्या भावाने गेली तेव्हा त्यांनी गावात दुमजली बंगला बांधला. त्याला पुढे चार गोल खांब आहेत, फाटकावर दोन सिंह आहेत आणि आत लिफ्ट आहे. दोन मजल्यांना लिफ्ट कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून आमचे संबंध जेमतेम होते.

मी दाखल्याचा विषय काढला, तसे ते झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. त्यांच्या मुलासाठी नवीन पनवेलची मुलगी बघितली होती. मुलीकडचे लोक ‘गाव म्हणजे अगदीच खेडं नाही ना’ असं विचारून गेले होते, आणि शेठनी त्यांना माडखार म्हणजे जवळजवळ टाऊनशिपच आहे असं सांगून ठेवलं होतं.

“मिस्टर, गावठी कोंबडी असते,” ते म्हणाले. “आमचा गाव नाय.”

मी तासभर समजूत घातली. शेवटी मध्यम मार्ग निघाला आणि दाखला तयार झाला: ‘सदर गाव ग्रामीण असले तरी सर्व सुखसोयींनी युक्त आहे.’ रंजिता मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, सर्व सुखसोयी आहेत तर इंटरनेट कशाला हवं? मी परत गेलो. ‘युक्त होण्याच्या मार्गावर आहे’ अशी दुरुस्ती झाली. ‘मार्गावर’ या शब्दाला शेठचा आक्षेप होता, कारण रस्त्याचं काम त्यांच्याच कारकिर्दीत झालं होतं आणि लोक त्यावरून बोलतात. पण अरुंधतीने त्यांच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली आणि सही मिळाली.

पाहणीला मॅडम ऐन श्रावणात आल्या. मी रात्रभर विचार करून एक बेत केला होता. हायवेकडून सरळ आलं तर पहिल्यांदा दिसतो तो सिंहांचा बंगला, आणि तो बघून कुठलाही अधिकारी माडखारला ग्रामीण म्हणणार नाही. म्हणून मी त्यांना मागच्या बाजूने, शेतांच्या बांधावरून न्यायचं ठरवलं. भातशेती, बगळे, लांबवर कर्नाळ्याचा सुळका, समोर एखादी म्हैस. ग्रामीणपणात काही कमी राहू नये.

काही कमी राहिलंही नाही. बांधावर चिखल होता. मॅडमची एक चप्पल चिखलात रुतली. ती काढायला मी वाकलो आणि भातात बसलो. म्हैस होती, आणि ती जवळ येऊन बघू लागली. मॅडम म्हणाल्या, उठा, काही होत नाही. ज्या अधिकाऱ्यावर छाप पाडायची त्याने आपल्याला हात देऊन चिखलातून ओढून काढणं, यासारखी मानहानी नाही. एवढ्यात वरच्या रस्त्यावर एक पांढरी मोठी गाडी थांबली आणि काशीरामशेठ खाली उतरले. बाहेरचा पाहुणा शेतातून चालत येतोय हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी मॅडमना गाडीत बसवलं. मला सीट खराब होईल म्हणून मागून चालत यायला सांगितलं.

मी बंगल्यावर पोहोचलो तेव्हा चहा झाला होता, आणि शेठ मॅडमना गच्चीवरून गाव दाखवायला लिफ्टने घेऊन निघाले होते. दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली. आणि लाईट गेले.

माडखारमध्ये लाईट जाणं ही बातमी नाही. पण लिफ्टच्या कंपनीला फोन करायचा तर रेंज नाही. शेठचा मुलगा पारावर धावला. तिथे आधीच कोणी तरी फोनवर मेव्हण्याशी बैलाच्या सौद्यावरून भांडत उभा होता, तो जागा सोडेना. लिफ्टमधून शेठचा आवाज येत होता. ते मॅडमना गावातल्या सुखसोयी सांगत होते. विषय सुरू झालेला होता, आणि तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नळयोजना झाली, व्यायामशाळा झाली, स्मशानाची शेड झाली. बाहेर शेठच्या बायकोने देवापुढे दिवा लावला. मी चिखल वाळत असलेल्या अवस्थेत लिफ्टच्या दारापाशी उभा राहून मधून मधून ‘मॅडम, बऱ्या आहात ना’ असं विचारत होतो.

लाईट आले, लिफ्ट खाली आली, मॅडम बाहेर आल्या. त्यांनी पदराने घाम पुसला, पर्समधून पेन काढलं आणि सिंहांकडे, खांबांकडे, माझ्याकडे न बघता पाहणी अहवालात एक ओळ लिहिली. गाव निःसंशय ग्रामीण आहे.

शेठनी ती वाचली आणि मॅडमसाठी आणखी एक चहा मागवला.

मंजुरी यायला शिमगा उजाडला. मग नेटच्या कंपनीचा परेश नावाचा माणूस आला. त्याने सांगितलं, केबल आणायची तर मध्ये अभयारण्याची जमीन आहे, तिथे खणायची परवानगी मिळेपर्यंत तुमची नातवंडं डॉक्टर होतील. आम्हाला नातवंडं नाहीत, पण मुद्दा कळला. दुसरा मार्ग होता. गावातल्या सर्वांत उंच गच्चीवर एक डिश बसवायची, ती हायवेच्या टॉवरकडून सिग्नल घेणार. दुसरी दवाखान्यावर. दोघींनी एकमेकींना दिसलं पाहिजे, मध्ये काही येता कामा नये. सर्वांत उंच गच्ची अर्थातच शेठची. लिफ्ट प्रकरणानंतर त्यांचा सूर बदलला होता. गच्ची देतो म्हणाले, वीज पण माझी, फक्त उद्घाटन माझ्या हातनं.

मध्ये आला तो सोनाबाईंचा शेवगा. त्याची एक फांदी नेमकी दोन डिशींच्या मधोमध होती आणि ती शेंगांनी लगडलेली होती. सोनाबाई म्हणाल्या, फांदी तोडा, पण शेंग फुकट जाता कामा नये. अरुंधतीसाठी त्यांनी एवढं केलं, तर मला नाही म्हणता येईना. त्या आठवड्यात मी खांदा कॉलनीत शेवगा वाटत फिरलो. आमटीत शेवगा, पिठल्यात शेवगा. हितेशभाईंनी तिसऱ्या जुडीला दार उघडलं नाही. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते कोणाला तरी शेवग्याचे औषधी गुण सांगत होते.

उद्घाटनाला शेठनी मांडव घातला. मुलीकडचे लोक मुद्दाम बोलावले होते. राऊटरला लाल फीत बांधली होती. शेठ रेशमी कुडता घालून आले, फीत कापली, नारळ माझ्या हातात दिला आणि भाषणात म्हणाले की आजपासून माडखार आणि मुंबई यांत फरक राहिला नाही. मग अरुंधतीने टीव्हीच्या पडद्यावर वाशीच्या डॉक्टरांना जोडलं. चित्र इतकं स्वच्छ आलं की बायकांनी पदर सारखे केले. आता प्रत्यक्ष ईसीजी काढून पाठवून दाखवायचा होता. त्यासाठी कोणी तरी कुडता काढून टेबलावर झोपायला हवं होतं. चारचौघांत कोणी पुढे येईना. मुलीचे वडील बघत होते. शेठ म्हणाले, हात्तिच्या, मी झोपतो. माडखारचा माणूस कसा असतो ते बघू दे वाशीला.

किशोरीने वायरी लावल्या. कागद सरसर बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अरुंधती कागदाकडे बघत होती. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत, मला तिच्या मानेवरून कळतं. तिने मान वर न करता विचारलं, सकाळपासून काही होतंय का? शेठ म्हणाले, काही नाही, जरा पित्त झालंय, आणि पानाने जबडा दुखतोय. पडद्यावरचे डॉक्टर इतका वेळ हसत होते. ते पुढे झुकले, आणि त्यांचा चेहरा पडदाभर झाला.

“त्यांना उठू देऊ नका,” ते म्हणाले. “हार्ट अटॅक आहे. लगेच हलवा. मी इकडून पनवेलला फोन करतो.”

अरुंधतीने गोळ्या काढल्या, शेठच्या तोंडात घातल्या आणि चावायला सांगितलं. ते म्हणाले, पानावर? ती म्हणाली, चावा. मी तिचा हा आवाज त्याआधी फक्त एकदा ऐकला होता, आमच्या मुलाने विहिरीच्या काठावर चढून दाखवलं होतं तेव्हा.

अँब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. शेठच्या पांढऱ्या गाडीची मागची सीट आडवी केली, त्यांना झोपवलं. एका बाजूला अरुंधती बसली, दुसऱ्या बाजूला मी. मी का बसलो ते मला माहीत नाही. माझ्या हातात अजून नारळ होता. शेठचा मुलगा गाडी चालवायला बसला, पण रडत होता. मुलीच्या वडलांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः स्टिअरिंग घेतलं.

हायवेला लागल्यावर शेठनी माझा हात धरला. इतका मोठा माणूस, पण तळहात गार पडला होता.

“मिस्टर, खरा सांगा. मी जातंय काय?”

मला वैद्यकातलं काही कळत नाही. रंगाच्या डब्यांची खरेदी करण्यात माझं आयुष्य गेलं. अरुंधती नाडी धरून घड्याळाकडे बघत होती, तिला विचारायची सोय नव्हती.

“त्या दिवशी लिफ्टमधनं बाहेर आलात ना,” मी म्हणालो, “तसेच याच्यातनंही येणार.”

ते थोडं हसले. “त्या दिवशी जाम घाबरलेलो,” म्हणाले. “म्हनून तर बोलत होतो सारका.” मग पनवेलपर्यंत त्यांनी हात सोडला नाही, आणि मी नळयोजना, व्यायामशाळा, स्मशानाची शेड सोडून बाकी जे सुचेल ते त्यांना सांगत राहिलो.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. पेशंट आत घेताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, यांना कोणी आणलं, नाव सांगा. मी म्हणालो, धर्मराज. ती लिहिता लिहिता थांबली. स्ट्रेचरवर शेठनी डोळे उघडले. गावात माझं नाव कोणालाच माहीत नव्हतं, तसं त्यांनाही नव्हतं. खुद्द यमाचं नाव लावणारा माणूस आपला हात धरून आपल्याला इथवर घेऊन आला, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात हळूच काढून घेतला.

शेठ वाचले. डॉक्टरांनी स्टेंट घातला आणि सांगितलं, की अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मुलीचे वडील संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते. शेठच्या बायकोला चहा आणून देताना त्यांनी सांगून टाकलं, की आमच्या बाजूने होकार समजा. मी नारळ तिथल्या गणपतीपुढे फोडला. अरुंधती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली होती. मी तिच्या शेजारी बसलो, आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा मला आपण कुठे बसलोय याची लाज वाटली नाही.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण शेठ घरी आल्यावर गावाने चौकात बॅनर लावला. हायवेवरून दिसावा म्हणून त्यासाठी भलेमोठे बांबू आणले होते. डावीकडे शेठ हात जोडून. मधोमध अरुंधती, खाली ‘देवदूत डॉक्टरताईंचे जाहीर आभार’. आणि उजव्या कोपऱ्यात मी, उद्घाटनाच्या दिवशीचा, नारळ हातात घेतलेला. खाली लिहिलं होतं ‘मा. श्री. धर्मराजसाहेब’. माझा फोटो बॅनरवर लागण्याची ही पहिलीच वेळ. मी गाडी थांबवून बराच वेळ बघत राहिलो. अरुंधती म्हणाली, चला, पेशंट खोळंबलेत.

दवाखान्यात नेट नव्हतं.

परेश आला, गच्चीवर गेला, खाली आला. त्याने चौकाकडे बोट दाखवलं. बॅनर बरोबर दोन डिशींच्या मध्ये आला होता.

उतरवा असं शेठना कोण सांगणार? अरुंधतीनेच ताकीद दिली होती, की त्यांना मनस्ताप होईल असं काही बोलायचं नाही. आम्ही तिघं कुजबुजत होतो, तर शेठ स्वतः काठी टेकत आले. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. माडखारला रेंज नसली तरी बातमी पोहोचते. ते म्हणाले, उतरवायचा कशाला? वारा जायला बॅनरला भोकं पाडतातच, तसं एक मोठं पाडा.

परेश शिडी घेऊन चढला. त्याने एका डिशीकडे पाहिलं, दुसऱ्या डिशीकडे पाहिलं, पेन्सिलने खूण केली आणि कटर काढलं. शेठचा चेहरा वाचला. अरुंधतीचा वाचला. कटर उजव्या कोपऱ्याकडे सरकलं.

दवाखान्याच्या दारातून किशोरीने ओरडून सांगितलं, की नेट आलं, आणि खूप छान आलंय. मी वर बघितलं. नारळ होता. साहेबांचं नाव होतं. मध्ये एक चौकोन होता आणि त्यातून निळं आभाळ दिसत होतं.

सोनाबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कपाळाला हात लावून त्यांनीही वर बघितलं.

“काय नाय मिस्टर,” त्या म्हणाल्या. “आरपार दिसतंय ना? मंग बरा हाय.”